दिवसा बेटांवर, रात्री जेवायला जहाजावर

तीन पिढ्या एकत्र फिरायला निघाल्या की जागेवरून भांडणं होत नाहीत, चालीवरून होतात. आईचे गुडघे दुखतात, बाबांना प्रत्येक पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची असते, मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी नऊची, त्यांना सतत काहीतरी घडायला हवं असतं, नवऱ्याला फोटो आणि मला नुसतं गल्लीबोळातून भटकायचं असतं. म्हणून यावेळी क्रूझ ठरवली, ग्रीसच्या बेटांची, सप्टेंबरमधली. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघायचं आणि मिकोनोस, रोड्स, क्रीट, सँटोरिनी करत परत पिरेअसला यायचं. निघण्याआधी एकच नियम ठरवला, बेटावर ज्याला जे बघायचंय त्याने ते बघावं, कोणी कोणाला ओढायचं नाही, पण रात्रीच्या जेवणाला सगळे एकाच टेबलावर आणि फोन केबिनमध्ये. हा नियम इतका छान जमला की मी आता भेटेल त्याला हेच सांगत सुटलेय.

पहिल्या दिवशीचं थोडक्यात सांगते. मोठ्या बॅगा बंदरावरच टॅग लावून देऊन टाकायच्या, त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात, त्यामुळे औषधं, कागदपत्रं आणि मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. मग येते मस्टर ड्रिल, म्हणजे संकटकाळात कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं वगैरे. बरेच जण ती कंटाळत करतात, पण मुलांना मी मुद्दाम सगळं नीट समजावून सांगितलं. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, त्यानंतर १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१२ मध्ये इटलीच्या जिलियो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डियाचा अपघात झाल्यावर ही ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यायचा नियम आला. मुलाने हे ऐकलं आणि स्वतःहून आजी-आजोबांना त्यांची जागा कुठे ते दाखवून आला. बाबा तर फारच खूष.

केबिनबद्दल एक सांगायलाच हवं. आईला बोट लागते, म्हणून तिची केबिन आम्ही जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या डेकवर घेतली. जहाज लाटेवर पुढेमागे झुलतं तेव्हा सगळ्यात कमी हालचाल मध्यावर होते, आणि जेवढं उंच जाल तेवढा डोल जास्त जाणवतो. जहाजाला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, त्यांनी आडवा डोल बराच कमी होतो पण पूर्ण जात नाही. आई सगळे दिवस ठणठणीत राहिली. बाल्कनी नसेल तरी चालेल हो, म्हातारी माणसं बरोबर असतील तर केबिन मधलीच घ्या.

मिकोनोस म्हणजे वारा. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, सप्टेंबरात त्याचा जोर कमी होतो असं म्हणतात पण आम्हाला चांगलाच भेटला. गावाबाहेर टेकाडावर पांढऱ्या पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत, पूर्वी त्यात धान्य दळायचे, आणि तो वारा अंगावर घेत तिथे उभं राहिलं की त्या तिथेच का बांधल्या हे कोणी सांगावं लागत नाही. आई आणि नवरा गावातच थांबले, पाण्याला लागून बाल्कन्या असलेला लिटल व्हेनिस नावाचा भाग आहे तिथे कॉफी पीत बसले. बाबा, मुलं आणि मी छोट्या बोटीने डेलोसला गेलो, साधारण अर्धा तास लागतो.

डेलोसवर आज गाव नाही. नुसते पडके खांब, पायऱ्या, सुकलेलं गवत आणि ऊन, सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे पाणी आणि टोपी हवीच हवी. ग्रीक कथेत अपोलो देव आणि आर्टेमिस देवी ही जुळी भावंडं इथे जन्मली, झ्यूस या देवांच्या राजाची मुलं. झ्यूसची बायको हेरा हिच्या रागाच्या भीतीने त्यांच्या आईला, लेटोला, कुठलीच जमीन थारा देईना, शेवटी या तरंगत्या बेटाने दिला. त्यामुळे बेट इतकं पवित्र मानलं गेलं की इसवी सनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सवाल्यांनी इथल्या सगळ्या कबरी उकरून शेजारच्या रिनिया बेटावर हलवल्या आणि फर्मान काढलं की यापुढे डेलोसवर कोणी जन्मायचं नाही आणि कोणी मरायचं नाही. मुलगी हे ऐकून थबकलीच, "मग कोणाच्या पोटात दुखायला लागलं तर?" बाबा म्हणाले, "बोटीत घालून पलीकडे न्यायचे बाळा." ती बराच वेळ पलीकडच्या बेटाकडे बघत होती.

पुढे रोमन काळात हे मोठं व्यापारी बंदर झालं, श्रीमंतांनी घरं बांधली, आणि इसवी सनपूर्व ८८ मध्ये हल्ला झाला, त्यात सगळं लुटलं गेलं. त्या घरांच्या जमिनीवरची मोझॅइक अजून दिसतात. एका घराच्या अंगणात डॉल्फिनच्या जोड्या आहेत आणि त्यांच्यावर छोटी पंखवाली मुलं स्वार झालीत, लगाम धरून. दगडाचे तुकडे नखाएवढे. मुलगा उकिडवा बसून ते बघत होता आणि मी त्याला उठ म्हटलं नाही, पाच मिनिटं तसाच बसू दिला. नॅक्सोसच्या लोकांनी अर्पण केलेले संगमरवरी सिंहही प्रसिद्ध आहेत, उघड्यावर उभे आहेत त्या प्रतिकृती, खरे सिंह तिथल्याच म्युझियमसाठी हलवलेत. बेटावर रात्री राहता येत नाही, शेवटची बोट पकडावीच लागते.

आता जेवणाकडे येते, कारण माझ्यासाठी खरी क्रूझ तिथे होती. जहाजावर बुफे असतोच, सकाळ-दुपार तिथे खाल्लं तरी चालतं (हात धुऊन जा, इतकी माणसं एका जागी असतात की पोटाची साथ झपाट्याने पसरते, म्हणून दारातच सिंक असतात). पण रात्री मुख्य डायनिंग रूममध्येच जायचं. तिथे दोन पर्याय होते, रोज ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल, किंवा हवं तेव्हा जायचं. आम्ही ठरलेली वेळ घेतली आणि मी तर म्हणेन कुटुंबाने तीच घ्यावी, कारण वेटर रोज तोच असतो. दुसऱ्या रात्रीपासूनच आईला कोमट पाणी न मागता यायचं, मुलीच्या ताटातलं सॉस वेगळ्या वाटीत यायचं, आणि मुलाला मेन्यू सगळ्यात आधी मिळायचा कारण त्याला विचार करायला वेळ लागतो.

पहिल्या रात्री एवढे काटे-चमचे बघून आई बिचकली होती. वेटरने काही शिकवल्यासारखं न करता हळूच सांगितलं की बाहेरच्या बाजूने सुरू करा आणि प्रत्येक कोर्सला एकेक आत या, बस. सुरुवातीला एक घासाएवढं काहीतरी येतं जे मेन्यूत नसतंच, शेफकडून म्हणून. मग सूप, मग स्टार्टर, मग मुख्य पदार्थ, आणि गोडाच्या आधी वेटर एक बारीक वाकडी धातूची पट्टी काढतो आणि पांढऱ्या टेबलक्लॉथवरचे पावाचे कण अलगद ताटलीत ओढून घेतो. मुलगी याची वाट बघायची! मुद्दाम पाव जरा जास्त कुस्करायची, आणि वेटरलाही ते कळलं होतं, तो तिच्या समोरून दोनदा पट्टी फिरवायचा.

एका रात्री आम्ही स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये जेवलो, त्याचे पैसे वेगळे असतात आणि बुकिंग शक्यतो जहाजावर चढताच करायचं, नाहीतर कुटुंबासाठी टेबल मिळत नाही. तिथे सूफ्ले हवं असेल तर जेवणाच्या सुरुवातीलाच सांगावं लागतं, कारण ते आधी करून ठेवताच येत नाही. फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात अडकलेली हवा गरम होऊन फुगते आणि ओव्हनमधून बाहेर आलं की काही मिनिटांत खाली बसते. वेटर अक्षरशः झपाझप चालत ते घेऊन आला, कपाच्या वर बोटभर चढलेलं, वरून तांबूस, त्याने चमच्याने मधोमध भोक पाडलं आणि आत गरम व्हॅनिला सॉस ओतला. बाबा गोड खात नाहीत फारसं. त्यांनी ते पूर्ण संपवलं आणि मग चमचाही चाटला.

आणि या टेबलावरच सगळी बेटं एकत्र व्हायची. ज्याने जे पाहिलं त्याने ते सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. फोन नसल्यामुळे फोटो दाखवून भागत नव्हतं, शब्दांत सांगावं लागायचं, आणि एरवी "छान होतं" यापुढे न जाणारा माझा मुलगा डॉल्फिनचे लगाम कसे होते ते हाताने काढून दाखवत होता. आई ते डोळे मोठे करून ऐकत होती, तिला डेलोसला न गेल्याचं जराही वाईट वाटलं नाही असं ती म्हणाली आणि मला ते पटलं.

रोड्सला जहाज अगदी जुन्या शहराच्या तटबंदीपाशी लागतं, त्यामुळे आई स्वतःच्या पायांनी आत गेली. हे तिचं बेट. १३०९ ते १५२२ सेंट जॉनच्या नाइट्सचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांचं, इथे राज्य होतं, मग तुर्की सुलतान सुलेमानने वेढा घालून ते घेतलं. नाइट्सचा रस्ता म्हणून एक चढाचा दगडी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या भाषांच्या नाइट्सची निवासस्थानं. रस्ता गोट्यांचा आहे, सपाट जाड सोलचे बूट नसतील तर पाय बोलतात. आई-बाबा सावलीत थांबत थांबत तेवढा एक रस्ता बघून आले आणि दिवस सार्थकी लागला म्हणाले. आम्ही चौघं बसने पन्नासेक किलोमीटरवर लिंडोसला गेलो, वर अथेनाचं देऊळ, खाली निळाशार समुद्र, आधी चढलो मग पोहलो. परत आल्यावर मांद्राकी बंदराच्या तोंडाशी खांबांवरची हरणं पाहिली. कोलॉसस, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी तो तेहेतीसेक मीटर उंच पुतळा, लोककथेप्रमाणे इथेच पाय फाकून उभा होता, पण ते शक्यच नव्हतं असं अभ्यासक म्हणतात, आणि भूकंपात तो कोसळला हे मात्र खरं. त्या रात्री टेबलावर बाबा आणि मुलगा एवढा पुतळा उभा कसा करतील यावर मीठ-मिरीच्या डब्या रचत बसले.

क्रीटला घाई झाली. क्नोसोसला गर्दी होती, आर्थर एव्हान्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९०० पासून खोदून काढलेला प्राचीन राजवाडा, पण लाल खांबांचा जो भाग फोटोत दिसतो तो बराचसा त्यानेच काँक्रीटमध्ये उभारलेला आहे. मला ते खटकलं. हेराक्लिऑनच्या म्युझियममध्ये जास्त वेळ द्यायला हवा, तिथे १९०८ मध्ये सापडलेली फेस्टोस डिस्क आहे, मातीच्या चकतीवर गोल गोल दाबलेली चिन्हं, जी अजून कोणाला वाचता आलेली नाहीत. दुपारी एका खानावळीत डाकोस खाल्लं, बार्लीचा कडक टोस्ट, वर किसलेला टोमॅटो, चीज आणि भरपूर ऑलिव्ह तेल. जहाजावरच्या चार कोर्सच्या तोडीचं होतं, खरंच.

सँटोरिनीला सकाळी लवकर उठा. हे मी हात जोडून सांगतेय. साधारण ३,६०० वर्षांपूर्वी इथे प्रचंड ज्वालामुखी उद्रेक झाला, त्याच्या पोटात आता समुद्र आहे आणि जहाज थेट त्यात शिरतं. दोन्हीकडे काळे, लाल, राखाडी थर असलेले सरळ कडे आणि वर कडेला पांढरी गावं. आम्ही सगळे डेकवर होतो, मुलगी पांघरुणात गुंडाळलेली. पाणी जवळपास ४०० मीटर खोल आहे आणि मोठ्या जहाजाला धक्काच नाही, त्यामुळे टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी उतरावं लागतं. जहाजाची टूर घेतली तर बोट बसच्या बंदराला नेते, नाहीतर जुन्या बंदरावरून वर कड्यावरच्या फिरा नावाच्या गावाला जायला केबल कार, ५८८ पायऱ्या किंवा गाढवं. गाढवांवर बसू नका, त्या उन्हात त्यांचे हाल मला बघवले नाहीत. आई-बाबा केबल कारने गेले, पण संध्याकाळी खाली यायची रांग फार लांब होते, त्यांना आम्ही शेवटच्या टेंडरच्या बरंच आधी निघायला सांगितलं होतं.

आम्ही अक्रोतिरीला गेलो. १९६७ पासून खोदलेलं, राखेखाली जसंच्या तसं राहिलेलं शहर, दोन-तीन मजली घरं, गटारं, धान्याचे मोठे रांजण अजून ओळीने उभे. माणसांचे सांगाडे मात्र सापडले नाहीत, म्हणजे लोक आधीच निघून गेले असावेत. मुलाने विचारलं, "बोटीने?" हो रे, दुसरं काय. बसमधून द्राक्षाचे मळे दिसले, वेली मांडवावर चढवलेल्या नाहीत, जमिनीलगत टोपलीसारख्या गोल वळवलेल्या, आत द्राक्षं, म्हणजे वारा लागत नाही आणि दव धरून राहतं. त्या मातीतली वाइन आणि फावा नावाचं पिवळ्या डाळीचं घट्ट वरणासारखं मऊसूत प्रकरण नवऱ्याने फिरात कड्यावर बसून मागवलं.

शेवटच्या रात्री जेवणाआधीच बॅगा भरा, कारण त्या रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचे कपडे बाहेर ठेवायला विसरू नका. टेबलावर सगळ्यात भारी बेट कुठलं यावर मतदान झालं, आई रोड्स, बाबा आणि मुलगा डेलोस, मी आणि नवरा सँटोरिनी. मुलगी म्हणाली, "जहाज." ते बेट नाही असं दादाने सांगून पाहिलं, पण आजोबांनी तिचं मत धरलं.