मेडिकलच्या बिलांतून टीबीचे पेशंट शोधताना

मिरजेत आमची तीन मेडिकल दुकानं. टीबीच्या औषधांचं शेड्यूल एच-१ रजिस्टर, म्हणजे ठरावीक औषधं कुणाला आणि कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकली याची कायद्यानं ठेवायची नोंदवही, २०१४ पासून ठेवतोय, आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं केमिस्टनीही टीबीचे पेशंट कळवणं सक्तीचं झालं. पण रजिस्टर कपाटात असणं वेगळं आणि ते क्षयरोग विभागाच्या कामी येणं वेगळं.

बिलिंग सॉफ्टवेअरमधून एच-१ चा रिपोर्ट काढला तर लांबलचक यादी आली. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्सही एच-१ मध्येच. डॉक्टर ती छातीच्या साध्या इन्फेक्शनलाही लिहितात. यादी तशीच पाठवली असती तर निम्मी मिरज टीबीची ठरली असती! मग एकेटीची किटं (टीबीच्या गोळ्यांची एकत्र पाकिटं) आणि रिफाम्पिसिन, आयसोनियाझिड, इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइडचे ब्रँड तेवढे ठेवले. एकाच माणसाचं बिल कधी त्याच्या नावानं, कधी मुलाच्या नावानं फाडलेलं. ते जुळवायला काउंटरवरच्या पोरांची आठवणच लागली.

मोबाइल नंबरवरून थोरल्या भावाशी वाजलं. "पेशंटनं नंबर आपल्याला दिलाय, सरकारला नाही," तो म्हणाला. मुद्दा खराच होता. २०१४ च्या खाजगी विक्रीच्या आकड्यांवरून संशोधकांनी दाखवलं होतं, की देशात टीबीचे उपचार खाजगीत सरकारीच्या जवळपास दुप्पट होतात. त्यासाठी एकाही पेशंटचं नाव लागलं नव्हतं. किती पेशंट आहेत एवढंच हवं असेल तर विकलेल्या स्ट्रिप मोजल्या तरी पुरतं. पेशंटला मध्येच औषध सोडू द्यायचं नसेल तर नाव-नंबर लागतो. शेवटी नाव, पत्ता, नंबर, औषध, डॉक्टर एवढंच द्यायचं ठरलं. बाकीची खरेदी आणि चिठ्ठीचे फोटो नाही.

डॉक्टरांना आधी सांगितलं. काहींनी स्वतःच निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी पोर्टलवर, नोंद केली, उरलेले आम्ही कळवले. काउंटरवर बाजूला घेऊन पेशंटला सांगायचो, क्षयरोग विभागाच्या हेल्थ व्हिजिटरचा फोन येईल, पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपयेही मिळतील. एका गृहस्थांनी पैसे नकोत म्हणून सांगितलं. मुलीचं लग्न ठरत होतं, घरी कुणी येऊ नये एवढीच त्यांची विनंती. व्हिजिटरताईंनी त्यांना दवाखान्यातच गाठलं.

यादी बघून ताई म्हणाल्या, "अहो, यातले कितीतरी आपले नाहीतच!" कागवाड, अथणी, रायबाग... उपचाराला मिरज, घर कर्नाटकात. त्यांच्या नोंदी निक्षयवरून तिकडे ट्रान्सफर कराव्या लागल्या.

आता महिनाअखेर ही यादी जाते. पुढच्या महिन्याचं किट कुणी नेलं नाही, हे सगळ्यात आधी आम्हालाच दिसतं. मागितलेल्या नमुन्यात तो रकाना नव्हता. मी तो शेवटी जोडून पाठवतो आणि ताई आधी तोच बघतात.