भोक एकदा पाडलं की पाडलं

कापड चुकलं तर उसवता येतं, लाकडात भुसा नि फेविकॉल भरून वेळ मारून नेता येते, पण लेदरमध्ये पंच ठोकला आणि भोक दोन मिलिमीटर इकडे पडलं की ते तिथेच राहणार, मरेपर्यंत. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं असं नाही, व्हिडिओत प्रत्येकजण सांगत होता, पण ऐकतंय कोण.

पहिला पट्टा बाबांसाठी करायला घेतला. पट्टा म्हणजे काय, सरळ पट्टी कापायची, एका टोकाला बक्कल, दुसऱ्या टोकाला भोकं, झालं. बाबांच्या पँटवर 36 लिहिलेलं, म्हणून मधलं भोक 36 इंचावर धरलं, बक्कलपाशी दुमडायला 3 इंच, पुढे शेपूट 7 इंच, एकूण 46 ची पट्टी कापली. भोकं नेहमीप्रमाणे पाच, एकेक इंचावर, म्हणजे शेवटचं 38 वर. दोन रविवार त्यात घातले. बाबांनी कमरेला लावला, पोट आत घेतलं, परत घेतलं, आणि म्हणाले, "अरे, हा काय कुत्र्याला बांधायचा का?"

मग त्यांचा जुना पट्टा मोजला. जिथे कातडं बक्कलवरून दुमडतं तिथपासून ते रोज लावतात त्या भोकापर्यंत पूर्ण 40 इंच. पँटवरचा आकडा हा पँटवाल्याचा, पट्ट्याचा नाही, आणि पट्टा पँटच्या वरून, लूपांमधून, शर्ट खोचल्यावर फिरतो, त्यामुळे तो कायम मोठाच लागतो. ज्याच्यासाठी करताय त्याचा वापरातला पट्टाच मागून घ्या, लाज वाटत असेल तर गुपचूप मोजा. आणि त्याची शेवटची दोन भोकं किती ताणलीत तेही बघा, माणूस सुटतोय की बारीक होतोय ते कळतं.

कातडं कुठलं घ्यायचं यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत साधं आहे, पट्टा आणि होल्स्टर (कमरेला अडकवायचं हत्याराचं म्यान, त्याची गोष्ट पुढे येते) दोन्हीला झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं, म्हणजे ज्याला सगळे व्हेज टॅन म्हणतात ते. बाभळीची साल, हिरडा, तरवड यातल्या टॅनिननी, म्हणजे तुरट द्रव्याने, कमावलेलं. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं, मऊ आणि लवचीक, पर्सला जॅकेटला छान, पण ओलं करून आकार द्यायला गेलात तर तो आकार धरत नाही, आणि कडाही नीट घोटल्या जात नाहीत. जाडी औंसात सांगतात, एक औंस म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटर, पट्ट्याला 8 ते 10 औंस म्हणजे सव्वातीन ते चार मिलिमीटर पुरतं. पट्टी पाठीच्या भागातून, कण्याच्या बाजूने लांबीला कापायची. पोटाकडचं कातडं ताणतं, सहा महिन्यांत पट्टा एक भोक वाढतो आणि मग आपल्याला वाटतं आपण बारीक झालो.

शिवण मात्र मला मनापासून आवडते. एकच मेण लावलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया एकमेकींसमोरून आरपार. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिवण सुटत जाते. इथे एका बाजूचा टाका घासून तुटला तरी दुसऱ्या सुईचा दोरा धरून ठेवतो. दोरा शिवणीच्या चौपट तरी घ्यायचा, जाड कातड्याला थोडा जास्तच, नाहीतर शेवटच्या चार टाक्यांना दोरा संपतो आणि तोंडातून जे येतं ते इथे लिहिता येत नाही. आणि एक, दरवेळी डावी सुई आधी तर डावीच आधी, मधेच बदललं की टाक्यांची तिरकी ओळ मोडते आणि नेमकी तेवढीच जागा दिसत राहते.

तर होल्स्टर. होल्स्टर म्हटलं की लोक थेट पिस्तुलावर जातात, मी करत होतो झाडं छाटायच्या सिकेटरसाठी. बाबांचा फसलेला पट्टा होताच, त्यातून कमरेला अडकवायचा लूप काढला आणि वेल्टची पट्टीही. वेल्ट म्हणजे दोन पदरांच्या मधे शिवणीत घालायची पट्टी, धार तिच्यावर घासते आणि दोरा वाचतो. शिवून झालं, साध्या पाण्यात बुडवलं, बुडबुडे यायचे थांबल्यावर बाहेर काढून थोडं सुकू दिलं, मग सिकेटर आत सारून बोटांनी आणि चमच्याच्या पाठीने दाबत दाबत आकार काढला. इतकं सुंदर दिसत होतं की स्प्रिंगचा उंचवटासुद्धा बाहेरून कळत होता. सिकेटरला आधी प्लॅस्टिक गुंडाळायचं असतं. मी म्हटलं एका रात्रीत काय होतंय.

सकाळी निळसर काळे डाग. पुसून जाईनात, कारण तो मळ नव्हताच, कातड्यातलं टॅनिन आणि ओलं लोखंड यांची ती शाईच झाली होती. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून काळी शाई करायचे ना, तेच, फक्त माझ्या होल्स्टरवर. लिंबू चोळलं, डाग फिके झाले, गेले नाहीत. सिकेटरला गंज चढला तो वेगळाच.

शेवटी म्हटलं शाईच आहे तर पूर्णच काळं करू. स्टील वूल, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांचा बोळा, धुऊन त्यावरचं तेल काढलं, व्हिनेगरच्या बरणीत टाकलं, झाकण सैल ठेवलं कारण आत गॅस होतो, आणि आठवड्याने गाळून त्या पाण्याचा हात होल्स्टरवर फिरवला. बघता बघता करडं, मग जांभळट, मग काळंकुट्ट. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि तेलाचा अगदी हलका हात, जास्त तेल झालं की होल्स्टर चपातीसारखं लुळं पडतं. हा वरून लावलेला रंग नसल्यामुळे कपड्यांनाही फारसा लागत नाही.

बाबा ते आता रोज बागेत लावतात, नव्या 50 इंची पट्ट्यावर, मधलं भोक 40 वर. लूपच्या आतल्या बाजूला जुन्या पट्ट्याचं एक भोक राहिलंय. त्यांनी ते पाहिलंय, आणि घरी कुणी आलं की तेच आधी दाखवतात.