वास्तुशांतीला आलेले बुद्ध

वास्तुशांतीच्या पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ असं कितीही ठळक छापलं तरी लोक हात हलवत येत नाहीत. पूर्वी भिंतीवरची घड्याळं यायची, मग लेमन सेट आले, त्यानंतर बरीच वर्षं गणपतीनं राज्य केलं. पण गणपतीचं एक अवघड असतं. तो घरात आला की त्याला मानाची जागा द्यावी लागते, सणावारी फूल वाहावं लागतं, आणि सातवा गणपती आला की यजमानाची पंचाईत होते, कारण तो दुसऱ्याच्या वास्तुशांतीला पुढे सरकवायलाही मन धजत नाही. बुद्धाचं तसं नाही. त्याला सोवळं नाही, नैवेद्य नाही. चपलांच्या कपाटावर ठेवला तरी तो डोळे मिटून शांतच. त्यामुळे हल्ली आहेराच्या टेबलावरचा निम्मा ऐवज बुद्धच असतो.

आमच्या परिचयातल्या एका जोडप्याच्या नव्या फ्लॅटमध्ये शिरताच कारंजं लागतं. त्यात फायबरचा बुद्ध, मागे निळा दिवा, आणि पाण्याच्या खळखळाटापेक्षा मोटारीची घरघर जास्त. बाल्कनीत दुसरा आहे. तो म्हणजे नुसतं डोकं, आणि त्या डोक्याची कुंडी केलेली. माथा वरून कापून आत माती भरली आहे आणि टाळूतून मनी प्लांटचे वेल कानांवर उतरलेत. मूर्तिशास्त्रात बुद्धाच्या माथ्यावरच्या उंचवट्याला उष्णीष म्हणतात. बोधी मिळाल्याची ती खूण. कुंडी करणाऱ्यानं नेमकी तीच कापून काढली होती. यजमानीणबाई मात्र कौतुकानं सांगत होत्या, “किती पॉझिटिव्ह वाटतं ना!” वेल खरंच छान वाढला होता, एवढं मीही कबूल केलं.

ते लांबलचक कानही उगाच नाहीत. राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांनी पाळ्या ओघळल्या, कुंडलं गेली, पाळ्या तशाच राहिल्या. सोडून दिलेल्या संपत्तीची ती खूण आपण आता संपत्ती यावी म्हणून उत्तर-पूर्व बघून मांडतो.

मला स्वतःला या मूर्तींमध्ये सगळ्यात जास्त हात आवडतात. चेहरा बहुतेक कारखान्यांत एकाच साच्यातून निघतो, हात मात्र काहीतरी सांगत असतात. उजवा तळवा खांद्याशी, समोर उघडा असेल तर ती अभयमुद्रा. आपण सर्रास तिला ‘आशीर्वाद’ म्हणतो, कारण आपल्याला देव म्हटलं की आशीर्वादच हवा असतो. पण तो हात ‘तथास्तु’ म्हणत नाही, ‘भिऊ नकोस’ म्हणतो. दोन्ही हात मांडीवर एकात एक असतील तर ध्यान. दोन्ही छातीशी, बोटांना बोटं लावून काहीतरी मोजून सांगितल्यासारखे असतील तर धर्मचक्रप्रवर्तन, म्हणजे सारनाथला पाच जणांना केलेलं पहिलं प्रवचन. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक ‘सुताराचं झोपडं’ म्हणतात, स्तूपासमोरचा बुद्ध पाय खाली सोडून, खुर्चीत बसावं तसा बसून हे शिकवतो आहे. ती मूर्ती बघताना आपण दर्शनाला आलोय असं वाटत नाही, तासाला उशिरा आलोय असं वाटतं.

पण दिवाणखान्यात हात कोण बघतो? एका ऑफिसात साहेबांच्या टेबलावर, वसुलीच्या फायलींशेजारी, वरदमुद्रेतला बुद्ध पाहिला. तळवा खाली, देणारा. कर्जदारांना तो दिसत असेल तर त्यांना काय वाटत असेल कोण जाणे.

आणि झोपलेला बुद्ध! उजव्या कुशीवर, हात गालाखाली घेऊन पहुडलेला. हा हमखास बेडरूमला दिला जातो. दुकानदारही सांगतो, झोप छान लागते. अजिंठ्याच्या सव्वीसाव्या लेण्यात डाव्या भिंतीवर हाच आहे, सुमारे सात मीटर लांबीचा. जरा खाली वाकून बघितलं तर त्याच्या मंचकाखाली शिष्यांची रांग दिसते. कुणी कपाळाला हात लावलाय, कुणी मान टाकून बसलाय. वरच्या बाजूला स्वर्गातले गंधर्व मात्र आनंदात आहेत. कारण ही झोप नाही, महापरिनिर्वाण आहे. कुशीनाराला दोन सालवृक्षांमध्ये घेतलेला तो शेवटचा श्वास. नवविवाहितांच्या उशाशी आपण मृत्यू ठेवतो, तोही गिफ्ट पेपरात गुंडाळून, वर लाल रिबीन बांधून. बुद्धाला स्वतःला यात काही वावगं वाटलं नसतं, उलट विषय चांगला निघाला असं वाटलं असतं. देणाऱ्याला कळलं तर मात्र त्याची झोप उडेल.

ढेरपोट्या हसऱ्याबद्दल फार बोलायला नको. तो गौतम बुद्ध नव्हेच. तो दहाव्या शतकाच्या सुमाराचा बुदाई नावाचा चिनी भिक्षू, खांद्यावर कापडी पिशवी टाकून गावोगाव हिंडणारा. पुढे लोकांनी त्याला भावी बुद्धाचा, मैत्रेयाचा अवतार मानलं. आपल्याकडे त्याच्याबद्दल एक नियम पक्का आहे : तो स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी दिला तरच फळतो. त्यामुळे वाढदिवस जवळ आला की माणसं एकमेकांना सुचवत राहतात. दुकानदारांच्या बाजूनं विचार केला तर इतका सोयीचा नियम दुसरा सापडणार नाही.

नुसत्या डोक्याची फॅशन मात्र मला खटकते. शिल्पकारांनी मूर्ती घडवल्या त्या बहुतेक अखंड. डोकी वेगळी झाली ती लुटीत, पडझडीत, आणि नंतर ती विकता येतात म्हणून मुद्दाम कापली गेली तेव्हा. अखंड मूर्ती देवळातून उचलणं कठीण, डोकं पोत्यात मावतं. ती संग्राहकांच्या घरी गेली, संग्रहालयांत चौथऱ्यावर बसली, आणि बघता बघता बुद्ध म्हणजे डोकं असं रूढच झालं. थायलंडमध्ये अयुथ्थयाला ‘वाट महाथात’ नावाच्या मंदिरात असं एक डोकं झाडाच्या मुळांनी वेढून धरलंय. १७६७ साली बर्मी फौजांनी ते शहर उद्ध्वस्त केलं होतं. त्या डोक्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, त्याच्यापेक्षा उंच राहायचं नाही असा तिथला दंडक. श्रीलंकेत मूर्तीकडे पाठ करून फोटो काढलेला चालत नाही. बँकॉकमध्ये तर ‘बुद्ध ही सजावटीची वस्तू नाही’ अशा अर्थाचे मोठमोठे फलक लागलेत. आपल्याकडे असा फलक कुणी लावला तर त्याच्याखाली लोक सेल्फी काढतील.

आता जरा जवळचं. महाराष्ट्रात बुद्ध दोन प्रकारच्या घरांत असतो. एका घरात तो ‘इंटिरियर’ असतो. दुसऱ्या घरात त्याच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो असतो, आणि मग पाहुण्यांच्या नजरेत तीच मूर्ती वेगळी होते. पहिल्या घरात “कुठून घेतला हो, फार सुरेख आहे” असं विचारतात. दुसऱ्या घरात काही विचारत नाहीत, फक्त पाण्याचा पेला उचलायला क्षणभर उशीर लावतात. भाड्यानं घर शोधणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला घरमालकीणबाईंनी आडनावाची फोड करून करून विचारलं होतं. त्या बाईंच्या टीव्हीच्या दोन्ही बाजूंना एकेक बुद्ध होता. “अहो, तो तर विष्णूचा नववा अवतार, आपलाच की,” असंही त्या म्हणाल्या. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमधली पाचवी नेमकी हे नाकारणारी आहे. बाईंना ते सांगायची मैत्रिणीला काही गरज वाटली नाही. तिनं दुसरीकडे घर घेतलं.

बुद्ध भेट देण्याच्याच गोष्टी सांगायच्या तर आपल्याकडे दोन मोठ्या आहेत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कारात दादा केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. मूर्ती नाही, पुस्तक. दुसरी गोष्ट देहूरोडची. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथल्या विहारात बसवली, धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. पुणे-मुंबई रस्त्यावरून आपण त्याच्या जवळून कितीदा जातो. पुढे कार्ल्याला आणि भाज्याला जातो, तिथे चैत्यात मधोमध नुसता स्तूप. ती लेणी मुळात खोदली तेव्हा तिथे बुद्धाची मूर्ती घडवतच नसत. पाऊलखुणा, बोधिवृक्ष, रिकामं आसन यांवर भागत असे. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती काही शतकांनी कोरल्या. म्हणजे मूर्तीशिवायही त्यांचं काही अडत नव्हतं.

तरी मूर्ती हवीशी वाटते हेही खरं. सहा डिसेंबरच्या आसपास शिवाजी पार्कला जाऊन बघावं. पुस्तकांच्या स्टॉलनंतर मूर्तींचे स्टॉल लागतात : प्लास्टर, फायबर, पांढरा संगमरवर, तळहाताएवढ्यापासून कमरेएवढ्या. गेल्या खेपेला एक बाई, बहुधा मराठवाड्यातल्या, मूर्ती उलटसुलट करून बघत होत्या. आधी डोळे बघितले, मग बोटं एकेक करून तपासली, एका मूर्तीचा टवका उडालेला दिसला तशी ती बाजूला ठेवली. निवडली ती भूमिस्पर्श मुद्रेतली. बरोबरच्या मुलीनं विचारलं, “यानं हात खाली का टेकवलाय?” बाईंनी पिशवी पायाशी ठेवली आणि सांगायला लागल्या, “मार आला व्हता ना, त्यो मोहात पाडनारा, त्याच्यावर, समदी फौज घेऊन. म्हनला, ऊठ हितून, तुझा साक्षीदार कोन हाय? तर ह्यानं भुईला हात लावला. म्हनला, ही भुई साक्षीदार हाय माझी.” “मग?” “मग काय, भुई हादरली, फौज पळाली.” “सगळी?” बाई मारच्या मुलींची गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात मागची रांग चुळबुळायला लागली आणि स्टॉलवाला म्हणाला, “ताई, गोष्ट गाडीत सांगा. साडेतीनशे द्या, नाहीतर तीनशे द्या, पण आधी द्या.”