दुसरी उपासना कोणासाठी?

आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) रविवारची उपासना आता सकाळी दोन वेळा होते. पहिली आठ वाजता आणि दुसरी साडेदहा वाजता. बाहेरून पाहणाऱ्याला हा केवळ वेळापत्रकातील बदल वाटेल. परंतु तो ठरवताना वडीलमंडळाच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांच्या, बैठकांत जे प्रश्न निघाले, ते उपासना कशासाठी आणि मंडळी म्हणजे नेमके कोण, इथपर्यंत जाऊन पोहोचले. ज्या मंडळ्यांना जागा अपुरी पडू लागली आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्यांतील काही प्रश्न येथे सविस्तर मांडतो.

जागा कमी पडते आहे हे जुन्या सभासदांच्या लक्षात सर्वांत उशिरा येते, कारण त्यांना त्यांची नेहमीची जागा मिळतच असते. मंडळ्यांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम प्रचलित आहे: सुमारे 80 टक्के जागा भरल्या की सभागृह भरले असे समजावे. उरलेल्या जागा असतात त्या अगदी पुढच्या ओळीत, खांबाच्या आड किंवा दोन कुटुंबांच्या मधोमध एकेकट्या. प्रथमच आलेले, कडेवर लहान मूल असलेले जोडपे तेथे जाऊन बसत नाही. ते दाराशी थोडा वेळ उभे राहते, आणि पुढच्या रविवारी येत नाही. त्यांच्या न येण्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. वाढती मंडळी वाढायची थांबते ती बहुधा अशी, आणि त्या वेळी सभागृह भरलेले दिसत असल्याने सर्वांना समाधानच वाटत असते.

अशा वेळी पहिला उपाय सुचतो तो मधल्या वाटेत खुर्च्या मांडण्याचा. त्याला ठाम नकार द्यावा, असे माझे मत आहे. 19 ऑक्टोबर 1856 रोजी लंडनच्या सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये प्रसिद्ध बॅप्टिस्ट उपदेशक चार्ल्स स्पर्जन उपदेश करीत असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली आणि त्या चेंगराचेंगरीत सात जणांचे प्राण गेले. मंडळीला जुनी इमारत पुरत नव्हती, म्हणूनच त्यांनी ते मोठे सभागृह घेतले होते. बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे हेही उपासनेच्या तयारीचाच भाग आहे, आणि ज्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आहे त्यांच्याबाबत भक्तीच्या उत्साहाने कोणतीही सवलत घेऊ नये.

दुसरा उपाय शेजारच्या खोलीत पडदा लावून उपासना दाखवण्याचा. काही आठवड्यांसाठी तो चालून जातो, पण कायमची व्यवस्था म्हणून मला तो पटत नाही. त्या खोलीत बहुधा उशिरा आलेले, तान्ह्या बाळांच्या माता आणि नवे लोक बसतात. म्हणजे ज्यांना सहभागितेची सर्वाधिक गरज आहे तेच भिंतीपलीकडे जातात. तेथे गीत ऐकू येते, पण शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळण्याचा अनुभव येत नाही.

इमारत मोठी करणे हा तिसरा मार्ग, आणि तो फार जुना आहे. युफ्रेटिस नदीकाठच्या दुरा-युरोपोस या नगरात उत्खननात सापडलेले तिसऱ्या शतकातील गृह-चर्च हे मुळात एक साधे राहते घर होते. सन 240 च्या सुमारास त्यातील दोन खोल्यांमधली भिंत पाडून उपासनेसाठी एक लांब दालन केले गेले. लहानशा मंडळीने भिंत पाडून जागा केल्याचा तो पुरावा आजही वाचणाऱ्याला हलवून सोडतो. मात्र प्रत्येक मंडळीजवळ पाडण्यासारखी भिंत किंवा बांधकामाचा निधी असतोच असे नाही, आणि निधी उभा राहीपर्यंत लोक थांबत नाहीत. म्हणून उपासनांची संख्या वाढवणे हा मार्ग उरतो.

एकाच दिवशी एकाच ठिकाणी उपासना पुन्हा करणे योग्य आहे का, हा प्रश्न आमच्यातील काही ज्येष्ठांनी विचारला, आणि तो अगदी रास्त आहे. सन 445 मध्ये पोप लिओ पहिले यांनी आलेक्सांद्रियाचे बिशप डायोस्कोरस यांना लिहिलेल्या पत्रात याच प्रश्नाचे उत्तर आहे: मोठ्या सणाला इतके लोक जमले की ते एका वेळी मंदिरात मावत नाहीत, तर पवित्र विधी (भाकर व द्राक्षारसाचा) निःसंकोचपणे पुन्हा करावा, नाहीतर केवळ आधी पोहोचलेल्यांनाच त्याचा लाभ होईल. आजच्या परंपरा याबाबत वेगवेगळ्या आहेत. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत एका वेदीवर एका दिवशी एकच पवित्र विधी होतो. कॅथलिक धर्मगुरूने सामान्यतः दिवसातून एकच मिस्सा (हाच पवित्र विधी) अर्पण करावा असा 1983 च्या धर्मविधानाचा नियम आहे. धर्मगुरूंची उणीव असल्यास बिशप दोन मिस्सांची, आणि रविवारी व आज्ञेच्या सणांना (ज्या दिवशी मिस्साला येणे बंधनकारक असते) गरजेनुसार तीन मिस्सांचीही अनुमती देऊ शकतात. आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर असे बंधन नाही. तरीही त्या बंधनांमागे जी काळजी आहे, म्हणजे पवित्र विधीला नित्यक्रमाचे रूप येऊ नये ही, ती आम्हीही घ्यायला हवी.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र वेगळाच होता: आठ वाजता कोणी यायचे? नवीन मनुष्य पहिल्यांदा येतो तो साधारणपणे सोयीच्या वेळी, म्हणजे उशिराच्या उपासनेला. तेव्हा जागा साडेदहाला हवी आहे, आणि ती तेव्हाच मोकळी होईल जेव्हा आज तेथे बसणारे लोक तेथून उठतील. नव्यांना सकाळी लवकर या असे सांगून जुन्यांनी आपापल्या जागी बसून राहावे, तर दोन उपासना ठेवणे ही केवळ नव्यांना दूर ठेवण्याची सभ्य रीत होईल. लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल 1861 मध्ये उघडले, आणि ती प्रशस्त इमारतही भरू लागली तेव्हा स्पर्जन आपल्या नेहमीच्या सभासदांना अधूनमधून एखाद्या रविवारी संध्याकाळी न येण्याची विनंती करीत, म्हणजे बाहेरच्यांना आत बसता येईल. ही विनंती ऐकणाऱ्या सभासदांचे मला फार कौतुक वाटते. आमच्या पाळकसाहेबांनी उपासनेत याविषयी स्पष्ट बोलून निदान वर्षभरासाठी आठच्या उपासनेला येण्याचा निश्चय करणाऱ्या कुटुंबांना पुढे येण्याचे आवाहन केले. जी कुटुंबे पुढे आली, त्यांतील बरीचशी मंडळीच्या सुरुवातीपासूनची होती. त्यांनी आपली जागा, आपली वेळ आणि शेजारी बसणारी माणसेही सोडली. मंडळीला मिळालेले हे दान अर्पणाच्या पेटीत मोजता येत नाही.

दोन्ही उपासना सारख्याच असाव्यात की वेगवेगळ्या, यावर बराच विचार झाला. सकाळी जुनी गीते आणि पेटी, नंतर नवी गीते आणि गिटार, अशी विभागणी अनेक ठिकाणी होते आणि तिच्यामुळे लोक खूशही राहतात. तरीही मी तिच्या विरोधात आहे. अशा विभागणीने वर्ष-दोन वर्षांत वृद्धांची एक आणि तरुणांची एक अशा दोन मंडळ्या तयार होतात, आणि त्या फक्त एकाच छताखाली जमतात. आमच्याकडे दोन्ही वेळा तीच गीते, तेच शास्त्रपठण आणि तोच उपदेश असतो. आजोबांना नवे गीत शिकावे लागते आणि नातवाला जुने. दोघांनाही ते जमते.

प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या त्याच पवित्र विधीची, व्यवस्था करताना बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्रातील अकरावा अध्याय आमच्यासमोर होता. तेथे पत्रलेखक प्रेषित पौलाची तक्रार हीच आहे की काही जण आधी जेवून घेतात आणि काही उपाशी राहतात. म्हणून त्याने एकमेकांची वाट पाहायला सांगितले. दोन उपासनांत विभागलेल्या मंडळीने एकमेकांची वाट कशी पाहावी? आम्ही असे ठरवले की प्रभुभोजन दोन्ही उपासनांत एकाच रविवारी व्हावे, आणि वर्षातून काही वेळा, विशेषतः पुनरुत्थानदिनी (ईस्टरला), मोठी जागा घेऊन किंवा पटांगणात मांडव घालून सर्वांनी एकत्र त्या मेजापाशी यावे. बाप्तिस्मेही शक्यतो त्या संयुक्त उपासनेत व्हावेत, म्हणजे नव्या सभासदाला आपण कोणत्या कुटुंबात आलो हे पूर्णपणे दिसेल.

व्यवस्थेच्या बाबी थोडक्यात सांगतो. दोन उपासनांमध्ये अर्धा तास पुरत नाही; किमान पाऊण तास हवा, कारण आधीचे लोक बोलत थांबतात आणि त्यांनी थांबावेच, शिवाय याच वेळात दोन्ही उपासनांचे लोक एकमेकांना भेटतात. शब्बाथ शाळा (मुलांचा बायबलवर्ग) केवळ साडेदहालाच ठेवली तर मुले असलेली कुटुंबे आठला येणार नाहीत, म्हणून ती दोन्ही वेळा हवी. पाळकांनी दोनदा उपदेश करावा, पण उपासना चालवणारे आणि गीते म्हणणारे दोन्ही वेळा तेच नसावेत.

या शेवटच्या बाबीवर थोडे थांबतो, कारण येथेच मंडळ्या थकतात. बायबलमधील प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात शिष्यांची संख्या वाढली तेव्हा ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होऊ लागली. प्रेषितांनी ते काम स्वतःच्या शिरावर घेतले नाही. मंडळीला सात माणसे निवडायला सांगून त्यांच्यावर हात ठेवले. निवडलेल्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची उपेक्षा झाली होती त्यांच्यातीलच माणसांवर जबाबदारी सोपवली गेली असावी. आम्हालाही दुसऱ्या उपासनेसाठी स्वागत करणारे, वाचन करणारे, ध्वनियंत्रणा सांभाळणारे लोक हवे होते, आणि त्यांतील कित्येक जण अलीकडेच मंडळीत आलेले आहेत. एरवी त्यांना अशी सेवा मिळायला अनेक वर्षे लागली असती.

साडेदहाची उपासना पुन्हा भरू लागेल तेव्हा शनिवारी संध्याकाळी तिसरी उपासना सुरू करावी, असे काहींचे म्हणणे आहे. त्याऐवजी काही कुटुंबांना आशीर्वाद देऊन दुसऱ्या वस्तीत नवी मंडळी स्थापन करण्यासाठी पाठवावे, असे मी वडीलमंडळाला लेखी कळवले आहे, आणि त्या कुटुंबांमध्ये आमच्या कुटुंबाचे नावही दिले आहे.