चाटायलंय काय सारखं?

कुत्र्याने हात चाटला की आपण 'माया' म्हणून मोकळे होतो. असेलही माया. पण मे महिन्यात परभणीच्या उन्हातून आलेल्या माणसाच्या हातावर मीठही भरपूर असतं. आणि पिल्लं आईचं तोंड चाटतात ती तिने खाल्लेलं उलटून द्यावं म्हणून; तीच खोड मोठेपणी आपल्या तोंडावर येते.

कुत्रं स्वतःलाच चाटत बसलं तर गोष्ट निराळी. "चाटायलंय काय रे सारखं?" म्हणून आपण चप्पल उगारतो. त्याआधी चाटायची जागा बघावी. बोटांच्या बेचक्यात जीभ असेल तर कुसळ, सराटा नाहीतर गोचीड. शेपटीच्या बुडाशी असेल तर बहुतेक पिसवा. चारी पाय आळीपाळीने चालू असतील तर ॲलर्जीची शंका घ्यावी. आमच्याकडे बांधोबांधी काँग्रेस गवत माजलंय. ते माणसाच्या कातडीला सोडत नाही, कुत्र्याच्या उघड्या पोटाला काय सोडणार? एकच सांधा चाटत असेल तर तो दुखतही असेल. फरशी, भिंत चाटणाऱ्याचं मात्र पोट तपासावं. कॅनडातल्या २०१२ च्या एका अभ्यासात अशा १९ कुत्र्यांपैकी १४ जणांना पोटाचाच विकार निघाला.

साखळीला दिवसभर बांधलेलं कुत्रं नुसत्या कंटाळ्यानेही चाटतं. केस झडतात, कातडी जाड होते, जखम होते, जखम खाजते, की पुन्हा जीभ. आमच्या वाघ्याचे पांढरे पंजे असेच तांबूस झाले. शेजारचे काका म्हणाले, "मातीचा रंग हाय तो." आमची माती काळी! रंग लाळेतल्या पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचा. परभणीत, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण कुत्रं दाखवायला न्यायचं म्हटलं की गाव हसतं. बैल असता तर टेम्पो आधीच ठरला असता.

कुत्र्याच्या जिभेने जखम भरते असं मानणारेही आहेत. ते मात्र ऐकू नये. रेबीज झालेल्या कुत्र्याने धडधाकट कातडी चाटली तर धुऊन भागतं. फाटलेली चाटली तर ते चावल्यासारखंच धरतात, लसही लागते आणि जखमेत सीरमही. वाघ्याला लस दरसाल टोचतो. तरी वेचणीच्या दिवसांत मायच्या टाचांना भेगा पडतात, तेव्हा तो जवळ आला की ती पाय लुगड्यात ओढून घेते. "सरक तिकडं, तुझं तू चाट."