चारही भिंती दहा फूट, तरी खोली गुण्यात नाही

फरशीवाल्या मिस्त्रींनी काम थांबवून मला वर बोलावलं, तेव्हा बेडरूममध्ये अर्ध्याहून जास्त टाइल लागल्या होत्या. "साहेब, खोली गुण्यात नाही," एवढंच ते म्हणाले. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं अवजार; खोलीचे कोपरे काटकोनात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दारापासून दोरी धरून ओळ सरळ आणली होती. पण बाजूच्या भिंतीलगतची पट्टी एका टोकाला दोन इंच भरत होती, दुसऱ्या टोकाला संपतच होती.

ज्युनिअर इंजिनिअरने टेप लावला. चारही भिंती १० फूट. "सर, स्क्वेअरच आहे की!"

मिस्त्रींनी वाद घातला नाही. टेपचं एक टोक त्याच्याच हातात दिलं आणि दोन्ही कर्ण मोजायला लावले. दोन्ही १४ फूट पावणेदोन इंच यायला हवेत. एक दुसऱ्यापेक्षा तीन इंचांनी मोठा निघाला. बाजू समान, कोपरा अंशभर सरकलेला.

ही आखणी मी साइटवर येण्याआधीची. कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फुटांची, दुसरीवर ४ फुटांची खूण करायची आणि मधलं अंतर ५ भरतंय का पाहायचं, इतकं सोपं असतं ते. स्लॅबच्या तारखेमागे धावणारे ठेकेदार नेमकं तेच गाळतात. त्या मुलावर माझा राग नाही. पदवी हातात येते तरी गुण्या हातात आलेला नसतो, हा कॉलेजांचा दोष.

त्याचा 'स्क्वेअर' डोक्यातून जाईना म्हणून रात्री शब्दकोश उघडला. हा शब्द तेराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो सुताराच्या काटकोनी अवजाराचं नाव म्हणून! चौकोनाला ते नाव पुढच्या शतकात मिळालं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'चार' आहे. आपला गुण्या फारसी 'गुनिया'तून आलेला, त्यामागे ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोपरा. 'पॉलिगॉन'मधला गॉन तोच. मिस्त्री आणि तो मुलगा एकाच अवजाराचं नाव घेत होते, पण कोपरा फक्त मिस्त्रींनी पाहिला.

टाइल उखडल्या नाहीत. निमुळते तुकडे पडले ती बाजू वॉर्डरोबखाली जाईल, असं ठरलं. राहणाऱ्याला कधी कळणारही नाही, पण मला ते पटलेलं नाही. वरच्या मजल्यांवर अजून टाइल नाहीत. तिथल्या प्रत्येक खोलीचे कर्ण उद्या त्या मुलाकडून मोजून घेणार आहे, मिस्त्रींसमोर.