हातभर अंतरावरचे तुणतुणे

सांगलीत विश्रामबागेतील एका लहानशा बिअर बारच्या मागच्या अंगणात गेल्या शनिवारी ध्वनिवर्धक न लावता लोकसंगीताची मैफल रंगली. देवीचा गोंधळ अशा ठिकाणी कसा शोभेल, हा संकोच माझ्या मनात होता. परंतु गोंधळी मंडळींनी पूजाविधीचा भाग बाजूला ठेवून केवळ लोकगीते गायिली, हे मला फार योग्य वाटले.

आधी एका तरुणाने गिटारच्या साथीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. त्या गोड होत्या. मात्र कमरेला बांधलेल्या संबळावर काठ्या पडू लागल्या, तसे टेबलांवरचे बोलणे आपोआप थांबले. तुणतुणे माझ्यापासून हातभर अंतरावर होते. लाकडी नळकांडे, तळाशी ताणलेले कातडे आणि तिथून वरच्या खुंटीपर्यंत गेलेली एकच तार, एवढ्याच साहित्यातून निघणारा तो अखंड स्वर गाणाऱ्याला किती भक्कम आधार देतो, हे इतक्या जवळून मी प्रथमच अनुभवले.

शेजारच्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला अभिमान आहे. तुणतुण्यालाही तेवढेच प्रेम मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पुढच्या मैफलीला मी आईलाही घेऊन जाणार आहे. तिला त्या ओव्या पाठ आहेत.